पदरीं पडलेलें राज्य

इंग्रजी वर्तमानपत्रांतील शब्दकोडीं सोडविण्याचा नाद आमच्या घरांत मला नाहीं. तो माझ्या भाच्याला आहे. रविवारीं सकाळीं एका हातांत चहाचा पेला आणि दुसऱ्या हातांत पेन्सिल घेऊन तो ओसरीवर बसला म्हणजे घरांतल्या कोणालाहि स्वस्थ बसूं देत नाहीं. अशाच एका रविवारीं त्यानें विचारलें, "मामा, सात अक्षरांचा शब्द सांगा. वारस नसल्यामुळें मालमत्ता सरकारकडे जाणें, असा अर्थ दिला आहे." मी म्हणालों, "एस्चीट." त्यानें अक्षरें मोजलीं, चौकोनांत भरून पाहिलीं, तीं बरोबर बसलीं, आणि मग तो माझ्याकडे आश्चर्यानें पाहूं लागला. मामांचें इंग्रजी बेतास बात, असें त्याचें मत आहे व तें खोटें नाहीं. पण हा एक शब्द ठाऊक असावयास इंग्रजी चांगलें असावें लागत नाहीं. लहानपण नागपुरांत महालाच्या गल्ल्यांतून गेलेलें असलें आणि भोंसल्यांच्या राज्याच्या गोष्टी वडील माणसांच्या तोंडून ऐकलेल्या असल्या, म्हणजे पुरे.

त्या शब्दाविषयींच आज आपल्याशीं बोलावयाचें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो ऐकला नसेल, आणि न ऐकल्यानें कोणाचें कांहीं अडलेंहि नसेल. खुद्द इंग्रजांच्या बोलण्यांत तो क्वचित् येतो. वकिलांच्या ग्रंथांत आणि कोडीं रचणारांच्या टिपणांत काय तो त्याचा वास. परंतु १८५४ सालीं नागपूरचें राज्य ज्या विचारसरणीनें संपलें, ती सगळी या एका शब्दांत घडी घालून ठेवलेली आहे.

इंग्रजींत हा शब्द फ्रेंचांतून आला व फ्रेंचांत लॅटिनांतून. मूळ धातूचा अर्थ ‘पडणें’. जें गळून पडतें, आणि म्हणून कोणाच्या तरी वांट्याला येऊन पडतें, तें ‘एस्चीट’. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकल्यावर जमिनीची जी व्यवस्था तेथें दृढ झाली, तिचें मूलतत्त्व असें कीं, जमिनीचा खरा धनी एकटा राजा. सरदारानें ती राजाकडून घ्यावी, सरदाराच्या माणसानें सरदाराकडून घ्यावी, आणि ज्यानें त्यानें तिच्या मोबदल्यांत चाकरी करावी. जमीन धरणारा वारसावांचून मेला किंवा एखादा घोर अपराध करून बसला, तर ती ज्याच्याकडून मिळाली त्याच्याकडे परत जाई. देंठ सुकला म्हणजे फळ झाडाखालीं पडतें. त्यांत कोणीं कोणाचें हिरावून घेतलें असें होत नाहीं. शब्दाचा भाव हा आहे.

मात्र फळ नीट आपल्याच अंगणांत पडतें कीं नाहीं, हें पाहावयास राजानें कामगार नेमून ठेवले होते. त्यांना ‘एस्चीटर’ म्हणत. प्रांतांतील कोणी जमीनधारक मेला कीं यानें चौकशी करावी, वारस आहे कीं नाहीं तें ठरवावें, आणि नसल्यास जमीन राजाच्या नांवानें ताब्यांत घ्यावी. ज्याच्या हातीं ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार, त्याला ‘आहे’ दिसेनासें होतें, हा अनुभव सर्व देशांतला आहे. या कामगारांच्या लबाडीला लोक इतके विटले कीं त्यांच्या हुद्द्याचें नांव बाजारांत शिवीसारखें चालूं लागलें. बोलतां बोलतां आरंभीचें अक्षर झिजून गेलें आणि मागें ‘चीट’ उरलें. परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहीकडे पाहणाऱ्या पोरावर मास्तर जो शब्द फेंकतात तो हाच. ही व्युत्पत्ति मीं पदरची घातलेली नाहीं. इंग्रजी कोशकारच ती देतात. शेक्सपिअरच्या काळीं हे दोन्ही अर्थ लोकांच्या कानांत एकदम वाजत असत. त्याच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ नाटकांतला तो पोटसुट्या फॉलस्टाफ दोन सधन बायकांना नादीं लावण्याचा बेत करतो, तेव्हां त्या आपल्या खजिन्याच्या जागीं आणि आपण त्यांचे ‘चीटर’, अशा अर्थाची कोटी त्याला सुचते. राजाचा वसुली कामगार म्हणावें तरी अर्थ लागतो, आणि ठक म्हणावें तरी लागतो.

हें ऐकून आमचा भाचा दुसऱ्याच खटपटीला लागला. त्यानें त्या शब्दाचीं शेवटचीं पांच अक्षरें वेगळीं काढलीं, तर ‘चीट’ झालें, म्हणजे ठकविणें. शेवटचीं तीनच ठेवलीं, तर ‘ईट’ झालें, म्हणजे खाणें. मग सातहि अक्षरें मोडून पुन्हा मांडलीं, तर ‘टीचेस’, म्हणजे शिकवितो, असा अगदीं निरपराध शब्द निघाला! मला तो निरपराध वाटला नाहीं, कारण आपल्या कल्याणासाठीं व सुधारणेसाठीं राज्य घेतों असें सांगणारे राज्यकर्ते माझ्या डोळ्यांपुढें आले. पण तें पुढें येईलच. आपले साहित्यशास्त्री ज्याला सभंगश्लेष म्हणतात, म्हणजे शब्द अखंड न ठेवतां तोडून त्यांतून निराळा अर्थ काढणें, त्याच जातीचा हा इंग्रजी खेळ.

आपल्या मराठींत या गोष्टीला शब्द आहे ‘खालसा’. त्याची गंमत एस्चीटपेक्षां कमी नाहीं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ. ज्या जमिनीच्या उत्पन्नांत जहागिरदार, इनामदार वगैरे कोणाची भेसळ नाहीं, जें सरळ सरकारच्या खजिन्यांत येतें, तें खालसा. १६९९ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं आपल्या पंथाला हेंच नांव दिलें तें शुद्धतेच्या अर्थानें. म्हणजे कोणाचें राज्य खालसा झालें याचा अक्षरशः अर्थ तें शुद्ध झालें असा होतो. एकीकडे ‘पडणें’, दुसरीकडे ‘शुद्ध होणें’. हे दोन अर्थ शेजारीं शेजारीं ठेवल्याबरोबर आपल्या घरांतल्या बायकांच्या तोंडीं असलेली म्हण आठवते: पदरीं पडलें, पवित्र झालें. ही म्हण करणाऱ्या बाईच्या मनांत नवरा असेल, राज्य नसेल. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या राजनीतीचें याहून नेमकें वर्णन मला तरी सांपडलेलें नाहीं. आणि कोणी खालसाचाहि सभंगश्लेष करून ‘खाल्लासा’ म्हणूं लागला, तर त्याला अडविण्याची माझी इच्छा नाहीं. इंग्रजी शब्दाच्या पोटांत खाणें आहे, तसें मराठी शब्दाच्या तोंडींच तें आहे.

आतां नागपूरकडे वळूं. १८१७ च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. आप्पासाहेब भोंसले हरले, पुढें कैद झाले, कैदेंतून निसटले, रानोमाळ फिरले, आणि शेवटीं १८४० मध्यें दूर जोधपुरास वारले. त्यांच्या जागीं १८१८ मध्यें इंग्रजांनीं दुसऱ्या रघूजींचा नातू, त्यांच्या मुलीचा मुलगा, गादीवर बसविला. मुलगा जन्मानें गुजर घराण्यांतला. परसोजी भोंसल्यांच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन त्याला भोंसले करण्यांत आलें व तिसरे रघूजी हें नांव मिळालें. राजा अज्ञान होता, म्हणून रेसिडेंट जेन्किन्स यानें त्याच्या नांवानें राज्य चालविलें. १८२६ मध्यें तह होऊन कारभार राजाकडे सोंपविण्यास आरंभ झाला. तो पुरता त्याच्या हातीं यावयास १८३० साल उजाडलें. यांतली एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. १८१८ सालीं राजा निर्माण करावयास दत्तकविधान हें पुरेसें साधन होतें, आणि तें इंग्रजांच्या संमतीनें वापरलें गेलें होतें.

हे तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. त्यांना पुत्र नव्हता, आणि हयातींत त्यांनीं दत्तकहि घेतला नव्हता. आपण निपुत्रिक राहिलों ही कबुली चारचौघांत देणें त्यांना जड गेलें असावें. निदान मला तसें वाटतें. वाड्यांत वडीलपणाचा मान बाकाबाईंचा. दुसऱ्या रघूजींची ही राणी. घराण्याचा उत्कर्ष व पडता काळ दोन्ही तिनें पाहिलेले. तिच्या मनांत आणि इतर राण्यांच्या मनांत, घराण्याशीं आप्तसंबंध असलेल्या यशवंतराव अहेरराव या तरुणाला दत्तक घेऊन गादी चालवावी असें होतें. आपल्या महाराष्ट्रांतील शास्त्रार्थाप्रमाणें नवऱ्याची आज्ञा नसली तरी विधवेला त्याच्या नांवें दत्तक घेतां येतो. बंगालच्या शास्त्रार्थाप्रमाणें येत नाहीं. म्हणजे राजा दत्तकावांचून मेला, यानें नागपूरच्या राण्यांच्या दृष्टीनें गोष्ट संपली नव्हती, ती आतां कोठें सुरू व्हावयाची होती.

कलकत्त्यास ती संपलीहि. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यानें २८ जानेवारी १८५४ रोजीं आपलें मत लिहून काढलें. रघूजींच्या मृत्यूला त्या दिवशीं सात आठवडे झाले होते. मार्चच्या १३ तारखेस राज्य खालसा झाल्याचें जाहीर झालें. राज्य लहानसहान नव्हतें. नागपूर, भंडारा, चांदा, छत्तीसगड आणि पलीकडे बस्तरपर्यंतचा मुलूख मिळून सुमारें ८०,००० चौरस मैल, आणि उत्पन्न ४० लाख रुपयांच्या घरांत.

डलहौसीला निव्वळ लुटारू म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें बरोबर होणार नाहीं. तो आपल्या समजुतीप्रमाणें कायद्यानें चालणारा मनुष्य होता, आणि त्याचा कायदा म्हणजे हाच, एस्चीटचा. तो म्हणे, १८१८ मध्यें नागपूर आम्हीं जिंकलें होतें. जिंकलेलें राज्य रघूजीला आम्हीं दान दिलें. दान घेणारा वारसावांचून मेला. दान देणाऱ्याकडे परत आलें. राजा जमीन देतो, सरदार धरतो, सरदाराचा वंश खुंटला कीं जमीन राजाकडे पडते. नॉर्मन इंग्लंडांतील शेतजमिनीची ही रीत आठशें वर्षांनीं वैनगंगेच्या कांठीं एका स्वतंत्र दौलतीला लावली गेली. फरक इतकाच कीं इंग्लंडांतल्या सरदारानें जमीन खरोखरच राजाकडून घेतलेली असे; भोंसल्यांची दौलत कंपनी वऱ्हाड-नागपुरांत दिसण्याच्या कितीतरी आधीं पहिल्या रघूजींनीं तरवारीवर मिळविली होती. शिवाय खालसा केल्यानें रयतेचें कल्याण होईल, कारभार सुधारेल, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस ज्या मुलखांत पिकतो तो मुलूख हातीं येईल, असेंहि त्यानें लिहिलें. कापसाचा मुद्दा त्यानें लपविला नाहीं, एवढें श्रेय त्याला दिलें पाहिजे. ‘टीचेस’ आणि ‘ईट’ एकाच कागदावर आले ते असे.

सरकारी कागदांत एस्चीटच्या बरोबरीनें, किंबहुना त्याहून अधिक, दुसरा शब्द वावरत असे, तो ‘लॅप्स’. आपल्या शाळांच्या इतिहासांतहि तोच आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ घसरणें, निसटणें. इंग्रजींत ‘लॅप्स’ म्हणजे हक्क बुडणें, आणि ‘लॅप्स’ म्हणजे चूकहि. हातून नकळत घडलेला प्रमाद. सातारा १८४८, संबळपूर १८४९, झांशी व नागपूर १८५४, इतके प्रमाद पाठोपाठ घडले आणि ते सगळे एकाच बाजूच्या फायद्याचे झाले! साताऱ्याच्या शहाजी महाराजांनीं तर मरणापूर्वीं दत्तक घेतला होता. तेव्हां परवानगी नव्हती हें कारण पुढें आलें. झांशीचे गंगाधरराव यांनीं आदल्या दिवशीं दत्तक घेतला, तोहि चालला नाहीं. नागपुरास दत्तक घेतलेलाच नव्हता, म्हणून डलहौसीच्या दृष्टीनें हें प्रकरण सर्वांत निर्मळ. इंग्रजींत ‘लॅप’ म्हणून आणखी एक शब्द आहे. त्याचा ‘लॅप्स’शीं जन्मसंबंध नाहीं, केवळ आवाजाचें साम्य आहे. त्याचा जुना अर्थ वस्त्राचा सोगा, पदर. आतांचा अर्थ मांडी. आपल्याकडे दत्तक घेतात तो मांडीवर, ओटींत. मांडी रिकामी, म्हणून राज्य ‘लॅप्स’, आणि ‘लॅप्स’ झालेलें राज्य कंपनीच्या पदरांत. कोटीबाजाला याहून आयतें साहित्य कोण देणार?

या सर्व शब्दांचा एक गुण सारखा आहे. पडणें, घसरणें, बुडणें हीं अकर्मक क्रियापदें. त्यांना कर्ता लागतो तो वस्तूच, माणूस नव्हे. राज्य पडलें, राज्य निसटलें. कोणीं पाडलें हा प्रश्न व्याकरणांतच उपस्थित होत नाहीं. आपणहि यांतून सुटलों नाहीं. ‘संस्थान खालसा झालें’ असें आपण इतक्या सहज म्हणतों, कीं ‘खालसा केलें’ असें वाक्य मुलांच्या वहींत आलें तर आपणच क्षणभर थबकूं.

ज्यांना कर्ता दिसत होता असे इंग्रजहि होते. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल यानें राज्य साफ गिळण्याविरुद्ध मत दिलें, तें डलहौसीला रुचलें नाहीं. कौन्सिलांतील कर्नल लो हा उभी हयात देशी दरबारांतून घालविलेला वृद्ध अधिकारी. त्यानें आपला विरोध लेखी नोंदविला, आणि अशा खालशांनीं देशी लोकांच्या मनांत केवढा अविश्वास उत्पन्न होत आहे याची सूचना दिली. त्यानंतर तीनच वर्षांनीं १८५७ साल उगवलें. गंमत अशी कीं त्या वर्षीं नागपुरास बाकाबाईंनीं आपल्या माणसांना उठावापासून आवरून धरलें.

आतां या कथेंतला जो भाग शब्दांत पकडतां येत नाहीं, तिकडे येतों. राज्य गेलें तें दफ्तरांत गेलें. वाड्यांतल्या वस्तू गेल्या त्या लोकांच्या डोळ्यांदेखत. भोंसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस आणून लिलांवांत विकले, आणि कवडीमोलानें विकले. सिपायांच्या युद्धाचा इतिहास लिहिणारा जॉन के हा इंग्रजच. १८६४ मध्यें निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडांत ही हकीगत आहे, आणि ती लिहितांना त्याला आपल्या लोकांची लाज वाटलेली स्पष्ट दिसते. वाड्यांतलें सामान उचलावयास माणसें येणार असें कळलें तेव्हां बाकाबाईंनीं, सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन, असें बजावलें, हेंहि तो सांगतो. सामान गेलें. जडजवाहीर थोडेंफार राणीवशासाठीं ठेवून बाकीचें कलकत्त्याच्या बाजारांत विक्रीस गेलें. ‘लिलांव’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला. घेतला तेव्हां असा उपयोगीं पडेल असें कोणाला वाटलें असेल!

जो भोंसल्यांचा दागिना सणासुदीला दुरून दिसला तरी लोक धन्य मानीत, त्याची किंमत अनोळखी शहरांत पुकारली गेली, हें शल्य नागपुरच्या जुन्या घरांत फार दिवस होतें. माझ्या लहानपणीं एक वृद्ध बाई आमच्या घरीं येत. राज्य गेल्याची गोष्ट सांगतांना त्या राजाविषयीं, तहाविषयीं, इंग्रजांविषयीं अवाक्षर काढीत नसत. त्यांच्या आजीनें आपल्या आजीकडून ऐकलेलें त्या सांगत, तें बैलांविषयीं. वाड्याचे बैल बाजारांत उभे होते, आणि ओळखीच्या माणसाचा आवाज आला कीं माना वळवीत होते, एवढेंच. खुद्द वाडाहि टिकला नाहीं. के याचा ग्रंथ निघाला त्याच १८६४ सालीं आग लागून तो जळाला.

पुढची हकीगत थोडक्यांत सांगतों. १८५८ मध्यें कंपनी गेली, राणीचें राज्य आलें. यशवंतराव अहेरराव हे जानोजी भोंसले या नांवानें दत्तक ठरले होतेच. सत्तावनांतील घराण्याच्या इमानाची बूज म्हणून त्यांना ‘राजाबहादूर’ किताब आणि सातारा जिल्ह्यांतील देऊर गांव मिळालें. लॉर्ड कॅनिंगनें १८६२ मध्यें संस्थानिकांना सनदा देऊन, औरस पुत्र नसल्यास दत्तक मान्य केला जाईल, असें लिहून दिलें. फळें पडण्याचा ऋतु संपला. खाजगी मालमत्तेच्या बाबतींत मात्र एस्चीट कायम होता. मच्छलीपट्टणच्या एका ब्राह्मण जमीनदाराच्या मिळकतीचा दावा १८६० मध्यें प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. ब्राह्मणाचें धन राजानें घेऊं नये असें मनुस्मृति सांगते, हा मुद्दा तेथें निघाला. पण वारस नसल्यास सरकारचा हक्क ब्राह्मणाच्या मिळकतीवरहि चालतो, असें ठरलें.

शब्दांचीं मात्र कर्मे फिरतात. १९४७ च्या स्वातंत्र्याच्या कायद्यांत, संस्थानांवरील बादशहाची अधिसत्ता संपली हें सांगतांना पार्लमेंटनें जें क्रियापद योजलें तें ‘लॅप्स’ हेंच. ज्या अधिसत्तेकडे संस्थानें निसटून येत असत, तीच निसटली. त्याच वर्षीं १५ डिसेंबर रोजीं छत्तीसगडच्या संस्थानिकांनीं सरदार पटेलांसमोर विलीनीकरणाच्या करारावर सह्या केल्या, त्या आपल्या नागपुरांत. त्यांत बस्तर होतें, जें एके काळीं भोंसल्यांना खंडणी देत असे.

एस्चीटहि गेला नाहीं. इंग्लंडनें १९२५ च्या कायद्यानें वारसाच्या अभावीं होणारा एस्चीट मोडीत काढला व दुसऱ्या नांवाची व्यवस्था केली. आपण १९५० मध्यें घटना अंमलांत आणली, तिच्या २९६ व्या अनुच्छेदांत ‘एस्चीट’ आणि ‘लॅप्स’ ही जोडी शेजारीं शेजारीं बसलेली आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत २९ व्या कलमाच्या माथ्यावर पुन्हा एस्चीट. तेथें त्याचें विष गेलेलें आहे. मृताचें देणें असेल तें फेडण्याच्या जबाबदारीसह सरकार मालमत्ता घेतें. घटनेच्या हिंदी पाठांत एस्चीटला ‘राजगामी’ असा शब्द घातला आहे, आणि तो वाचला तेव्हां मला एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची अकस्मात गांठ पडल्यासारखें झालें. हा शब्द कालिदासाचा आहे.

‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकांत अमात्याचें पत्र येतें. धनमित्र नांवाचा समुद्रावर व्यापार करणारा सावकार गलबत फुटून मेला. त्याला मूल नाहीं. त्याचा धनसंचय ‘राजगामी’. म्हणजे धन आपल्या पायांनीं राजाकडे चालत निघालें. शब्द इंग्रजीच्याच जातीचा. पण राजा दुष्यंत काय करतो तें पाहा. तो म्हणतो, सावकार सधन होता, त्याला बायका बऱ्याच असतील. त्यांत कोणी गरोदर आहे का, याची चौकशी करा. साकेतच्या एका श्रेष्ठींची कन्या त्याची बायको आहे, आणि नुकतेंच तिचें पुंसवन झालें आहे, असें कळतें. मग तें धन त्या गर्भाचें, असा राजा निवाडा देतो. तो स्वतः त्या वेळीं निपुत्रिक आहे आणि शकुंतलेच्या आठवणीनें जळतो आहे. इंग्लंडचा एस्चीटर वारस नाहीं हें शोधावयास निघे. दुष्यंत वारस आहे हें शोधावयास माणूस धाडतो. नाटकांतल्या राजाला हें परवडतें, असें कोणी म्हणेल. म्हणावें.

पण इतिहासांतलाहि एक राजा आहे. बाराव्या शतकांत गुजराथेंत अणहिलवाड पाटणास कुमारपाल राज्य करीत होता. निपुत्रिकाचें धन सरकारजमा करण्याची रूढी त्याच्या राज्यांत होती. हेमचंद्राच्या काव्यांत कथा अशी आहे कीं, एके रात्रीं राजाला एका बाईचें रडणें ऐकूं आलें. तिचा नवरा गेला होता, मुलगाहि गेला होता, घरदार आतां सरकार घेणार म्हणून ती जीव द्यावयास निघाली होती. राजानें तें धन घेण्याचें सोडून दिलें. ही कथा किती घडलेली आणि किती रचलेली हें सांगणें कठीण. रूढी त्यानें बंद केली ही गोष्ट मात्र खरी. त्या काळच्या संस्कृतांत या धनाला एक नांव आहे, ‘रुदतीवित्त’. रुदती म्हणजे रडणारी. रडणारीचें धन.

तेंच धन, तोच कायदा. इंग्रज ज्याला पडलेलें म्हणाला, कालिदासाचा अमात्य ज्याला राजाकडे निघालेलें म्हणाला, फारसी दफ्तर ज्याला शुद्ध झालेलें म्हणालें, त्याला या शब्दानें धनिणीकडून नांव दिलें. डलहौसीचा तो लेख लिहिला गेला तेव्हां नागपूरच्या वाड्यांत राजाच्या मागें राहिल्या होत्या त्या सगळ्या बायकाच.

हें सर्व मीं त्या रविवारीं भाच्याला सांगितलें. चहा केव्हांच निवून गेला होता. त्यानें वर्तमानपत्राच्या कांठावर देवनागरींत ‘रुदतीवित्त’ असें लिहिलें आणि संवयीप्रमाणें अक्षरें मोजलीं. पांच भरलीं.